थिओडोर कोखर

एमिल थिओडोर कोखर (जन्म : बर्न, २५ ऑगस्ट १८४१; मृत्यू : बर्न, २७ जुलै १९१७) हे स्विस शल्यचिकित्सक, वैद्यकीय संशोधक आणि अध्यापक होते. अवटू ग्रंथी म्हणजेच थायरॉइड या ग्रंथीचे कार्य, तिचे विकार आणि तिच्यावरील शस्त्रक्रिया यांविषयीच्या कार्याबद्दल त्यांना १९०९ सालचे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकातील नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले शल्यचिकित्सक होत. गलगंडामुळे श्वासनलिका दबून गुदमरणाऱ्या हजारो रुग्णांना त्यांच्या शस्त्रक्रियेने जीवदान मिळाले. त्याच शस्त्रक्रियेने आपल्या काही रुग्णांचे कायमचे नुकसान झाले, हेही त्यांनी स्वतः तपासून काढले आणि जाहीरपणे मांडले. शरीराच्या वाढीसाठी, बुद्धीसाठी आणि श्वसनासाठीही अवटू ग्रंथी किती आवश्यक आहे, हे वैद्यकाला कळण्यामागे या तपासणीचा मोठा वाटा आहे.

बालपण आणि शिक्षण

कोखर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाला. वडील जेकब अलेक्झांडर कोखर हे अभियंता होते. आई मारिया या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायी होत्या. आईकडून मिळालेली धर्मनिष्ठा कोखर यांनी आयुष्यभर जपली. त्यांचे बालपण बर्न व बुर्गडॉर्फ येथे गेले. शाळेत ते हुशार विद्यार्थी म्हणून ओळखले जात.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी बर्न विद्यापीठात घेतले आणि १८६५ साली ते डॉक्टरेटची परीक्षा उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले. त्यांचा प्रबंध न्यूमोनिया या फुप्फुसाच्या रोगावरील औषधोपचाराविषयी होता. पुढे त्यांचे नाव ज्या ग्रंथीशी जोडले गेले तिचा विचार त्या वेळी त्यांच्या मनातही नसावा. तथापि श्वास आणि त्याचे अडथळे हा विषय त्यांच्या अभ्यासात असा अगदी आरंभापासून आला.

पदवीनंतर त्यांनी झुरिच, बर्लिन, लंडन आणि पॅरिस येथे जाऊन त्या काळातील नामवंत शल्यचिकित्सकांचे काम पाहिले. झुरिचमध्ये थिओडोर बिलरोट आणि बर्लिनमध्ये बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांच्या शस्त्रक्रियांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. जखमा निर्जंतुक ठेवण्याची जोसेफ लिस्टर यांची पद्धत याच सुमारास पुढे येत होती. कोखर यांनी ती लवकर स्वीकारली आणि पुढे तिच्यात स्वतःची भर घातली.

बर्न येथील प्राध्यापकपद

स्वदेशी परतल्यावर कोखर यांनी बर्न येथे गेऑर्ग ल्यूके यांचे साहाय्यक म्हणून काम केले. १८७० साली त्यांनी निखळलेला खांदा हलक्या हाताने जागेवर बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ही पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. ल्यूके स्ट्रासबुर्गला गेल्यावर १८७२ साली बर्न विद्यापीठातील शल्यचिकित्सेचे प्राध्यापकपद आणि इन्झेलश्पिटाल या रुग्णालयातील शल्यविभागाचे प्रमुखपद कोखर यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय केवळ ३० वर्षांचे होते.

पुढे इतर विद्यापीठांकडून त्यांना बोलावणी आली. १८८० साली प्राग विद्यापीठाने त्यांना पाचारण केले, तेव्हा बर्नमध्ये नवे रुग्णालय बांधले जावे अशी अपेक्षा त्यांनी शासनापुढे ठेवली. ती मान्य झाल्यावर ते बर्नमध्येच राहिले. १८८० च्या दशकाच्या मध्यास इन्झेलश्पिटालच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. कोखर यांचे सारे कार्य याच गावात झाले आणि त्यांच्यामुळे हे छोटे विद्यापीठ जगभरच्या शल्यचिकित्सकांचे तीर्थक्षेत्र बनले.

गलगंड आणि श्वासाचा अडथळा

अवटू ग्रंथी ही गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. तिचे दोन खंड श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मधला अरुंद पट्टा नलिकेच्या पुढून जातो. ही ग्रंथी वाढून गळ्याला सूज येते, तिला गलगंड म्हणतात. सुश्रुतसंहितेतही या नावाने या विकाराचे वर्णन आढळते. आल्प्स पर्वताच्या परिसरात माती व पाणी यांत आयोडीनचे प्रमाण फार कमी असल्यामुळे तेथे शतकानुशतके गलगंडाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत. गावेच्या गावे या विकाराने ग्रासलेली असत. गलगंडाबरोबरच जन्मतः खुंटलेली वाढ आणि मंद बुद्धी असलेली मुलेही त्या दऱ्याखोऱ्यांत दिसत. या अवस्थेला क्रेटिनता म्हणत.

लहान गलगंड दिसायला विद्रूप असला तरी बहुधा निरुपद्रवी असतो. मोठा गलगंड मात्र श्वासनलिकेला बाजूला ढकलतो किंवा दोन्ही बाजूंनी दाबतो. गोल नलिका त्यामुळे चपटी होते. गलगंड छातीच्या हाडामागे उतरला, तर त्याला पसरायला जागा उरत नाही आणि दाब अधिकच वाढतो. अशा रुग्णाला आडवे झाल्यावर धाप लागते, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो आणि साध्या सर्दीनेही जीव कासावीस होतो. दीर्घकाळ दाबलेली श्वासनलिका मऊ पडून एकाएकी मिटते आणि रुग्ण दगावतो, असे मत त्या काळी मांडले जात होते. झुरिचचे शल्यचिकित्सक एडमुंड रोझ यांनी गलगंडाच्या रुग्णांच्या आकस्मिक मृत्यूचा खुलासा याच प्रकारे केला होता.

तरीही गलगंडावर शस्त्रक्रिया करणे हे साहस समजले जाई. या ग्रंथीला रक्ताचा पुरवठा फार मोठा असतो. तिच्या मागून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या दोन नाजूक चेतातंतू असतात. शस्त्रक्रियेत रक्तस्राव आवरत नसे आणि रक्तस्रावातून रुग्ण वाचला तरी जखम दूषित होऊन तो दगावे. बिलरोट यांच्या झुरिचमधील आरंभीच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले आणि त्यांनी काही वर्षे ही शस्त्रक्रिया करणेच सोडून दिले. फ्रान्समधील वैद्यक अकादमीने १८५० साली या शस्त्रक्रियेला मनाई केली होती. रुग्णापुढे दोनच मार्ग उरत : गुदमरणे किंवा शस्त्रक्रियेच्या मेजावर रक्त वाहून मरणे.

शस्त्रक्रियेची पद्धत

कोखर यांनी या शस्त्रक्रियेला शिस्त आणली. त्यांची पद्धत संथ, नेमकी आणि जवळजवळ रक्तहीन होती. प्रत्येक रक्तवाहिनी कापण्यापूर्वी ती चिमट्यात धरून बांधायची, ग्रंथीचा एकेक पदर मोकळा करायचा आणि घाईने काहीही करायचे नाही, हा त्यांचा नियम होता. त्या काळी शल्यचिकित्सकाचे कौशल्य त्याच्या वेगावरून मोजले जाई. भूल देण्याची सोय होण्यापूर्वी वेगाला अर्थ होता. भुलीनंतरही ती सवय टिकून होती. कोखर यांनी वेगाऐवजी सावधपणाला महत्त्व दिले. रक्तवाहिन्या घट्ट धरण्यासाठी त्यांनी टोकाला दात असलेला चिमटा तयार केला. कोखरचा चिमटा या नावाने तो आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत, भारतातही, वापरला जातो. गळ्यावरील कातडीच्या घडीला अनुसरून घेतलेला आडवा छेद हीदेखील त्यांच्या पद्धतीची खूण होती. या छेदाचा व्रण फारसा दिसत नसे.

श्वासमार्गाच्या रक्षणाकडे त्यांचे विशेष लक्ष होते. श्वासनलिका आधीच चपटी झालेल्या रुग्णाला क्लोरोफॉर्म किंवा ईथर देणे धोक्याचे असते. भुलीत स्नायू सैल पडतात, रुग्णाची श्वासासाठीची धडपड थांबते आणि अरुंद मार्ग पूर्ण बंद होऊ शकतो. म्हणून कोखर अनेक रुग्णांवर कोकेनच्या साह्याने केवळ जागा बधिर करून शस्त्रक्रिया करीत. रुग्ण जागा असल्यामुळे त्याला बोलायला लावता येई आणि आवाज शाबूत असल्यास स्वरयंत्राकडे जाणारे चेतातंतू सुरक्षित आहेत, हे तत्काळ कळे. यांपैकी एक चेतातंतू दुखावला तर आवाज घोगरा होतो. दोन्ही दुखावले तर स्वररज्जू मध्यभागी येऊन श्वासाची वाट अडवतात आणि श्वासनलिकेला छिद्र पाडण्याची वेळ येते. हे टाळण्यासाठी कोखर ग्रंथीच्या मागील आवरणाचा भाग जागच्या जागी ठेवत.

या साऱ्याचा परिणाम आकड्यांत दिसून आला. कारकिर्दीच्या आरंभी त्यांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते आणि त्या काळाच्या मानाने तेही कमीच होते. १९१२ पर्यंत त्यांनी ५,००० हून अधिक अवटू शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आले. जी शस्त्रक्रिया एका पिढीपूर्वी निषिद्ध मानली जात होती, ती त्यांच्या हयातीतच नित्याची झाली.

संपूर्ण ग्रंथिछेदनाचे दुष्परिणाम

आरंभीच्या काळात गलगंड पुन्हा वाढू नये म्हणून कोखर काही रुग्णांची संपूर्ण अवटू ग्रंथी काढून टाकीत. शरीराला या ग्रंथीचा काही उपयोग असल्याचे त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. ग्रंथी काढल्याने काही बिघडेल, अशी शंका येण्याचे कारण दिसत नव्हते. जखम भरली, श्वास मोकळा झाला, रुग्ण घरी गेला, की शल्यचिकित्सकाचे काम संपले असे मानले जाई.

१८७४ साली त्यांनी एका ११ वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मात्र पुढे त्या मुलीच्या गावच्या डॉक्टरांना तिच्यात विपरीत बदल दिसू लागले. आधी चपळ आणि आनंदी असलेली मुलगी सुस्त व मंद झाली होती. तिची वाढ खुंटली होती आणि धाकटी बहीण तिच्या पुढे निघून गेली होती. या एका प्रकरणाचा अर्थ त्या वेळी लागला नाही.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यचिकित्सक झाक-लुई रेव्हर्दँ आणि कोखर यांची भेट झाली. रेव्हर्दँ यांना आपल्या काही रुग्णांत ग्रंथी काढल्यानंतर काही महिन्यांनी अशक्तपणा, सूज आणि बुद्धिमांद्य आढळले होते. त्याच महिन्यात त्यांनी जिनिव्हाच्या वैद्यक मंडळापुढे हे निरीक्षण मांडले. कोखर यांनी त्यानंतर आपल्या जुन्या रुग्णांना तपासणीसाठी बोलावणे धाडले. त्यांनी तोपर्यंत ३४ रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढलेली होती. त्यांपैकी १८ जण तपासणीस येऊ शकले. या १८ पैकी १६ जणांची अवस्था वाईट होती. चेहरे सुजलेले, कातडी कोरडी, केस विरळ, हातपाय थंड आणि जड, बोलणे संथ, बुद्धी मंद. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची उंची वाढणेच थांबले होते. उरलेल्या दोघांत ग्रंथीचा शिल्लक अंश पुन्हा वाढला होता. ज्यांची ग्रंथी अंशतः काढली होती ते रुग्ण मात्र ठणठणीत होते.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या जर्मन शल्यचिकित्सा मंडळाच्या अधिवेशनात कोखर यांनी हे निष्कर्ष मांडले. या अवस्थेला त्यांनी ‘कॅकेक्सिया स्ट्रुमिप्रायव्हा’, म्हणजे गलगंड काढल्यामुळे येणारी क्षीणता, असे नाव दिले. आपल्या हातून झालेली हानी त्यांनी आकड्यांसह व्यावसायिक बंधूंपुढे ठेवली. यापुढे कर्करोगासारखे कारण नसेल तर संपूर्ण ग्रंथी काढायची नाही, असा निर्णय त्यांनी घेतला आणि तो पाळला. या शोधाचे श्रेय प्रथम कोणाचे यावरून रेव्हर्दँ आणि कोखर यांच्यात पुढे वाद झाला. निरीक्षण जाहीर करण्यात रेव्हर्दँ आधी होते; रुग्णांची सविस्तर आणि पद्धतशीर पाहणी कोखर यांची होती, असे आज सामान्यतः मानले जाते.

श्वासाविषयीचा तर्क आणि त्याची दुरुस्ती

ही क्षीणता का येते, याचे कोखर यांनी दिलेले पहिले स्पष्टीकरण श्वसनाशी निगडित होते. ग्रंथीच्या रक्तवाहिन्या बांधल्यामुळे श्वासनलिकेचाही रक्तपुरवठा तुटतो, ती क्षीण व अरुंद होते, शरीराला वर्षानुवर्षे प्राणवायू कमी मिळतो आणि त्यातून रक्तक्षय व इतर लक्षणे उद्भवतात, असा त्यांचा तर्क होता. गळा आणि श्वास यांच्याशी दररोज संबंध येणाऱ्या शल्यचिकित्सकाला हा तर्क सुचणे स्वाभाविक होते. पण तो चुकीचा ठरला.

१८८३ च्या अखेरीस लंडनमध्ये फेलिक्स सेमॉन यांनी वेगळा विचार मांडला. इंग्लंडमध्ये विल्यम गल आणि विल्यम ऑर्ड यांनी प्रौढ स्त्रियांत वर्णिलेला मिक्सिडीमा, आल्प्समधील क्रेटिनता आणि कोखर यांच्या रुग्णांची क्षीणता या तिन्हींचे मूळ एकच आहे. ते म्हणजे अवटू ग्रंथीचे कार्य नाहीसे होणे, असे त्यांनी सुचवले. लंडनमधील वैद्यक मंडळाने यासाठी एक समिती नेमली. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी माकडांवर प्रयोग केले. मोरिट्झ शिफ यांनी जिनिव्हा येथे प्राण्यांवर प्रयोग करून, ग्रंथी काढण्याचे परिणाम तिचे रोपण केल्यास टळतात असे दाखवले. १८८८ साली समितीचा अहवाल आला आणि सेमॉन यांचे मत खरे ठरले.

कोखर यांनीही आपला पहिला तर्क धरून ठेवला नाही. ग्रंथी गमावलेल्या रुग्णाच्या शरीरात दुसऱ्याची अवटू ऊती बसवण्याचा प्रयत्न त्यांनी १८८३ सालीच केला होता. वैद्यकाच्या इतिहासकारांच्या मते आधुनिक अर्थाने अवयवरोपणाचा हा अगदी पहिला प्रयत्न होय. रोपण फार काळ टिकत नसे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून मिक्सिडीमाच्या रुग्णाला बरे केले आणि पुढील वर्षी हे औषध तोंडाने देता येते हे सिद्ध झाले. ग्रंथी गमावलेल्यांना त्यामुळे उपाय मिळाला. ज्यांची वाढ व बुद्धी बालपणीच खुंटली होती, त्यांना मात्र गेलेली वर्षे परत मिळणे शक्य नव्हते.

अवटू ग्रंथी आणि श्वसन

श्वासनलिकेच्या आकुंचनाने सारी लक्षणे निर्माण होतात हा कोखर यांचा तर्क चुकला, तरी अवटू ग्रंथी आणि श्वसन यांचा घनिष्ठ संबंध पुढील संशोधनाने सिद्ध झाला. १८९५ साली बर्लिनमध्ये आडोल्फ मॅग्नुस-लेव्ही यांनी रुग्णांच्या श्वासातील वायूंचे मोजमाप केले. ग्रंथीचे कार्य मंदावलेले रुग्ण प्राणवायू कमी वापरतात, ग्रंथी अतिक्रियाशील असलेले रुग्ण तो अधिक वापरतात आणि ग्रंथीचा अर्क दिल्यास प्राणवायूचा वापर वाढतो, असे त्यांना आढळले. म्हणजे दोष श्वासाच्या नळीत नसून पेशींच्या ज्वलनात होता. आत येणारा प्राणवायू कमी पडत नव्हता; शरीराची त्याची मागणीच घटलेली होती.

अवटू विकारांचा श्वसनावरील परिणाम आज तीन प्रकारे समजावला जातो. पहिला परिणाम दाबाचा. मोठा गलगंड श्वासनलिका अरुंद करतो आणि याची जाणीव श्रम करताना किंवा उताणे झोपल्यावर अधिक होते. दुसरा परिणाम ग्रंथीच्या मंद कार्याचा. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला किंवा प्राणवायू घटला, की मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते. अवटुस्रावाच्या तीव्र अभावी हा प्रतिसाद मंदावतो. श्वासपटल आणि फासळ्यांमधील स्नायू दुर्बल होतात. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचू शकते. जीभ व घशातील ऊती सुजल्याने झोपेत श्वास अडखळतो. उपचार न झाल्यास क्वचित रुग्ण बेशुद्ध होतो आणि श्वास अपुरा पडून त्याचा जीव धोक्यात येतो. तिसरा परिणाम अतिक्रियेचा. शरीराचे ज्वलन वाढल्यामुळे प्राणवायूची मागणी आणि कार्बन डायऑक्साइडची निर्मिती दोन्ही वाढतात. श्वास जलद होतो, स्नायू झिजल्याने त्यांची ताकद घटते आणि थोड्या श्रमानेही धाप लागते. हृदयावर ताण आल्यास ही धाप आणखी वाढते. ग्रंथीचे कार्य उपचारांनी पूर्ववत झाल्यावर हे परिणाम बहुतांशी ओसरतात. त्यामुळेच धाप लागण्याचे कारण हृदयात किंवा फुप्फुसात सापडले नाही, तर डॉक्टर अवटू ग्रंथीचीही तपासणी करतात.

अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी बिलरोट आणि कोखर यांच्या रुग्णांतील एक फरक नोंदवला आहे. बिलरोट यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर झटके येत, तर कोखर यांच्या रुग्णांना मिक्सिडीमा होई. बिलरोट यांचा हात वेगवान होता. त्यात अवटू ग्रंथीमागील लहान परावटू ग्रंथी निघून जात, पण अवटू ग्रंथीचे तुकडे मागे राहत. परावटू ग्रंथी गेल्याने रक्तातील कॅल्शियम घटते, स्नायूंना पेटके येतात आणि स्वरयंत्र आवळले जाऊन श्वासही अडू शकतो. कोखर यांच्या नेमक्या हाताने परावटू ग्रंथी वाचत, पण अवटू ग्रंथी मात्र समूळ निघे. त्यांच्या रुग्णांना भोवली ती हाताची चूक नव्हे, तर त्या काळच्या ज्ञानाची अपूर्णता.

इतर संशोधन

कोखर यांनी बर्न प्रांतातील शाळकरी मुलांमधील गलगंडाची विस्तृत पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १८८९ साली प्रसिद्ध केले. जमिनीतील खडकांचे थर आणि पिण्याचे पाणी यांच्याशी गलगंडाचा संबंध शोधण्याचा त्यांचा प्रयत्न होता. आयोडीनच्या अतिवापराने काही रुग्णांत ग्रंथी अतिक्रियाशील होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते.

बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या जखमांवर त्यांनी प्रयोग केले. गोळीचा वेग आणि आकार यांमुळे शरीरातील ऊतींवर कसा स्फोटक परिणाम होतो, हे त्यांनी दाखवले आणि कमी हानी करणाऱ्या गोळ्या वापरल्या जाव्यात असा आग्रह धरला. आतड्याचा हर्निया, अस्थिमज्जेचा दाह, मेंदू व मज्जारज्जू यांच्या इजा, पोटावरील शस्त्रक्रिया अशा अनेक विषयांवर त्यांनी लेखन केले. जठर व स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत आद्यांत्र मोकळे करण्याची कृती आणि पित्ताशयासाठी फासळ्यांखालून घेतला जाणारा तिरपा छेद त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शस्त्रक्रियाशास्त्रावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १८९२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि विविध भाषांत अनुवादही झाले.

शिष्य

बर्नमध्ये त्यांच्याकडे शिकण्यासाठी युरोप, रशिया व अमेरिकेतून विद्यार्थी येत. सेझार रू आणि फ्रिट्झ द केरव्हँ हे त्यांचे प्रसिद्ध स्विस शिष्य. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक हार्वे कुशिंग हे १९००-०१ मध्ये बर्नला आले होते. कवटीतील दाब वाढल्यास रक्तदाबावर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास त्यांनी कोखर यांच्या सूचनेवरून केला. हॉल्स्टेड हे कोखर यांचे स्नेही होते आणि संथ, काळजीपूर्वक शस्त्रक्रियेचा आदर्श त्यांच्यामार्फत अमेरिकेत रुजला. १९१३ साली रशियन क्रांतिकारक लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रुपस्काया यांच्यावर कोखर यांनी बर्न येथे अवटू ग्रंथीची शस्त्रक्रिया केली.

पुरस्कार आणि सन्मान

१९०२ साली कोखर जर्मन शल्यचिकित्सा मंडळाचे अध्यक्ष झाले. ज्या मंडळापुढे १९ वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या रुग्णांची हानी कथन केली होती, त्याच मंडळाने त्यांना हा मान दिला. १९०५ साली ब्रुसेल्स येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सा परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ११ डिसेंबर १९०९ रोजी दिलेल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी अवटू ग्रंथीच्या मंद कार्याचा विस्ताराने ऊहापोह केला. १९१२ साली त्यांनी संशोधन संस्थेसाठी २,००,००० फ्रँकची देणगी दिली. बर्न विद्यापीठातील थिओडोर कोखर संस्था त्यातून उभी राहिली.

व्यक्तिगत जीवन

कोखर यांचा विवाह १८६९ साली मारी विची यांच्याशी झाला. त्यांना तीन मुलगे झाले. थोरले पुत्र आल्बर्ट हे शल्यचिकित्सक होते आणि वडिलांच्या हाताखाली त्यांनी काम केले. कोखर यांची राहणी साधी व शिस्तबद्ध होती. धार्मिक वृत्तीमुळे आपले यशापयश ते ईश्वराच्या अधीन मानत. रुग्णाच्या बाबतीत मात्र त्यांनी काहीही दैवावर सोडले नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे रुग्णांची नोंद ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता.

निधन आणि वारसा

२३ जुलै १९१७ रोजी संध्याकाळी तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी कोखर यांना इन्झेलश्पिटालमध्ये बोलावण्यात आले. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली असतानाही त्यांनी ती शस्त्रक्रिया पार पाडली. त्यानंतर त्यांची प्रकृती बिघडली आणि २७ जुलै १९१७ रोजी बर्न येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर बर्नचे प्राध्यापकपद द केरव्हँ यांच्याकडे आले. १९२२ साली स्वित्झर्लंडमध्ये मिठात आयोडीन मिसळण्यास आरंभ झाला. पुढील काही दशकांत तेथील गलगंड आणि क्रेटिनता जवळजवळ नाहीशी झाली. जो विकार काढून टाकण्यात कोखर यांचे आयुष्य गेले, तो चिमूटभर मिठाने टळू लागला. भारतात हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात हाच प्रश्न होता. व्ही. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

बर्नमधील एक रस्ता आणि एक उद्यान कोखर यांच्या नावाने ओळखले जाते. चंद्रावरील एका विवराला आणि एका लघुग्रहालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे पुढे काय होते हे पाहणे आणि जे दिसेल ते लपवून न ठेवणे, ही रीत वैद्यकात दृढ होण्यास १८८३ सालची त्यांची तपासणी कारणीभूत ठरली.